साडेपाच टक्क्यांचा साक्षीदार

मला प्रतिनिधी निवडलं त्या दिवशी मी स्टेशनात नव्हतेच. दाढ काढायला गेले होते. गाल सुजवून, अर्धं तोंड बधिर घेऊन परत आले तर सार्जंट व्हायली टेबलावर चहाचा मग ठेवत म्हणाले, "अभिनंदन, डॅक्रेस. एकमतानं निवडून आलीस."

मला धड बोलता येत नव्हतं. मी हातानंच विचारलं, कशावर?

"संघटनेवर. किंग्स्टनला जाऊन पगाराच्या कराराला हो म्हणायचं की नाही, ते ठरवायला. तू सोडून बाकी सगळे हजर होते, आणि सगळ्यांनी तुझं नाव सांगितलं."

मी कॉर्पोरल नॉव्हलेट डॅक्रेस. पोलिसात एकोणीस वर्षं झाली, त्यातली सहा इथं, गॅलोवे बे या गावात. आमचं स्टेशन समुद्रावर आहे, माणसं एकवीस. वरच्या मजल्यावर झोपायच्या चार खाटा होत्या, पण छत गळायला लागल्यापासून ती खोली बंद आहे. प्रतिनिधीचं काम कुणालाच नको असतं, कारण करार चांगला निघाला तर तो सरकारनं दिला म्हणतात आणि वाईट निघाला तर प्रतिनिधीनं विकला म्हणतात.

प्रस्ताव चार पानांचा होता. तीन वर्षांचा करार, पहिल्या वर्षी सात टक्के, मग चार, मग चार. मागच्या वर्षीच्या एप्रिलपासून लागू, म्हणजे सही झाली की वीस महिन्यांची थकबाकी ख्रिसमसच्या आत हातात. दुसऱ्या पानावर एक वाक्य होतं: महागाईचा वार्षिक दर साडेपाच टक्के असल्याने सदर वाढ महागाईपेक्षा जास्त आहे.

मी ते वाक्य गार्डरूममध्ये मोठ्यानं वाचलं. शॅनिक पिनक डब्यातली उकडलेली केळी खात होती. ती आमची सगळ्यात तिखट जिभेची कॉन्स्टेबल. तिनं काटा खाली ठेवला.

"साडेपाच? कोंबडीच्या पाठीचा भाव काय झालाय ते यांना माहितीये का? पूर्वी आम्ही ती कुत्र्याला घालायचो. आता कुत्रा माझ्या ताटाकडे बघतो आणि मी त्याच्या."

सगळे हसले. सार्जंट व्हायली हसले नाहीत. त्यांना निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. "हसा," ते म्हणाले. "पण सही करा. हातात येतंय ते घ्या. नाही म्हटलं तर बोलणी पुढच्या वर्षावर जातील, आणि तोवर मासळीवाला तुमच्यासाठी थांबणार नाही."

"सार्जला पेन्शन दिसतेय," शॅनिक म्हणाली.

"दिसतेय. तुला माझ्या वयात दिसेल तेव्हा तूही बघशील."

कोपऱ्यात ग्लेनमोर फॉकनर शर्टला इस्त्री करत होता. चाळिशीचा, सहा फुटी, बारा वर्षं नोकरी झालेला कॉन्स्टेबल. बायकामुलं बेटाच्या दुसऱ्या टोकाला, वेस्टमोरलँडला. त्याच्यासारखा कडक गणवेश सबंध परगण्यात कुणाचा नव्हता. आणि त्याच्यासारखा चिक्कूही, असं सगळे म्हणायचे. तो कधी कुणाबरोबर बिअर प्यायला गेला नाही, पगाराच्या शुक्रवारी तळलेली मासळी घेतली नाही. मी विचारलं, "ग्लेनमोर, तुझं काय मत?"

"नाही," तो म्हणाला आणि बाहीची घडी मोडून परत इस्त्री फिरवू लागला.

"त्याच्या पाकिटाची चेन गंजलीये," शॅनिक म्हणाली. "त्याला पगारवाढ कशाला?"

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात तो साडेपाच घोळायला लागला. मला तो खोटाच वाटत होता असं नाही. पण हा आकडा आणला कुणी? एखाद्याची शेळी चोरीला गेली तरी आम्ही विचारतो, कुणी पाहिलं, कुठून पाहिलं, किती वाजता. इथं एकवीस माणसांची तीन वर्षं एका आकड्यावर ठरणार होती आणि त्याला साक्षीदार नव्हता. एकोणीस वर्षांत मला एकदाही कुणी येऊन विचारलं नव्हतं की नॉव्हलेट, तू तेलाची बाटली कितीला घेतलीस.

मी राजधानीतल्या आकडेवारीच्या ऑफिसला फोन लावला. एका मुलीनं उचलला.

"भाव गोळा करायला माणूस जातो," ती म्हणाली. "प्रत्येक परगण्यात जातो."

"आमच्याकडे कोण येतं?"

"नाव सांगता येत नाही, मॅडम."

"मी पोलीस आहे."

"मग तर मुळीच नाही."

तिनं फोन ठेवला, आणि मला कितीतरी महिन्यांनी नोकरीत मजा वाटली. सरकार जो माणूस सांगायला तयार नव्हतं, तो मी दोन हजार वस्तीच्या गावात शोधायचा होता. मी बाजारात गेले. मिस इनेझ तिथं तीस वर्षं यामचे कंद आणि कांद्याची पात विकते. बाजारात कुणाच्या चपलेचा पट्टा तुटला तरी तिला कळतं.

"भाव विचारून लिहून घेणारं कोणी येतं का गं, मिस इनेझ?"

"ती छत्रीवाली? येते की. महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, गुरुवारी. याम कितीला, टोमॅटो कितीला, विचारते, लिहिते आणि काही न घेता निघून जाते. मला आधी वाटलं, डोक्यानं जरा कमी असेल."

"तू तिला किती सांगतेस?"

"कमीच सांगते. तिचे बूट बघितलेस का? टाचा पार झिजल्यात. म्हटलं, घ्यायला पैसे नसतील, निदान ऐकायला तरी स्वस्त ऐकू दे."

मी जागच्या जागी उभी राहिले. सापडलं, म्हटलं. मिस इनेझच्या दयेमुळे साडेपाच. शेजारची मिस इनेझ, पलीकडच्या गावातली मिस इनेझ, सबंध बेटावर दयाळू बायका कमी भाव सांगतायत आणि आमचा पगार तिथं अडकलाय. मी धावत स्टेशनात येऊन सार्जंटना सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"मग आता काय, दया केल्याबद्दल इनेझला आत टाकतेस?"

दुसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी मी साध्या कपड्यांत बाजारात उभी राहिले. नऊच्या सुमारास ती आली. करड्या छत्रीची, सडपातळ, पन्नाशीची बाई. पिशवीत वही आणि हुकाचा छोटा वजनकाटा. मी तिच्यापासून दोन गाळे अंतर ठेवून फिरत होते. दहा मिनिटंही झाली नसतील, ती वळली.

"कॉर्पोरल, तुम्ही त्याच भेंड्या तिसऱ्यांदा निवडताय. घ्यायच्या असतील तर घ्या, त्या बाईचा खोळंबा होतोय."

माझी चोरी पकडायला तिला दहा मिनिटं लागली, हे मी स्टेशनात कुणालाच सांगितलं नाही. तिला मात्र सगळं खरं सांगितलं: करार, साडेपाच, मिस इनेझ. ती हसली. नारळपाणीवाल्याच्या कठड्यावर आम्ही बसलो. तिचं नाव आयोनी ब्रॅकेट. अकरा वर्षं हे काम करत होती.

"इनेझ मला कमी सांगते ते मला पहिल्या वर्षापासून ठाऊक आहे," ती म्हणाली. "म्हणून मी तिला विचारते फक्त रामराम म्हणून. मग बाजूला उभी राहते. कुणीतरी याम घेतं, पैसे मोजतं, ते मी बघते आणि ते लिहिते."

"आणि दुकानात?"

"दुकानात तेच दुकान, तोच डबा, तेवढंच वजन. मागल्या वर्षी बांगड्याच्या डब्याचा भाव सहा महिने हलला नाही. सगळे खूश. मी डबा उलटा करून खाली छापलेलं वजन वाचलं तर आतला माल तीस ग्रॅम कमी. म्हणजे भाव वाढलाच. मी तसं लिहिलं."

मी तिच्याकडे बघतच राहिले. गावातल्या एकाही माणसानं डबा उलटा केला नव्हता. मी स्वतः तो डबा दर आठवड्याला आणत होते.

"मग साडेपाच खरा?"

"माझ्या वहीतलं खरं. पुढे सगळ्या परगण्यांचं एकत्र करतात. ते करणारेही माझ्यासारखेच असतील असं मी धरून चालते."

"मग माझ्या घरी तो का पटत नाही?"

"तुमच्या घरी मी कुठे येते? माझ्या यादीत बाळाचं दूध आहे, दाढीचं ब्लेड आहे, पलंग आहे, लग्नाचा सूट आहे. गेल्या वर्षी तुम्ही सूट शिवलात?"

"नाही."

"सूट फारसा महागला नाही. त्यानं तुमची सरासरी खाली आणली आणि तुम्ही तो घातलाही नाही." तिनं नारळ तिरपा करून शेवटचा घोट घेतला. "ही टोपली सगळ्यांची मिळून आहे, म्हणून ती कुणा एकाची नाही. तुम्हाला पोलिसांची बघायची असेल तर पोलिसांची भरा."

मी तिला विचारलं, तिचा पगार कशावरून वाढतो. याच आकड्यावरून, ती म्हणाली.

"मग जरा जास्त लिहायला काय हरकत आहे?"

"काही नाही. तुम्हालाही चोर सापडला नाही तर दुसऱ्या कुणाला धरायला काय हरकत आहे?"

मी नारळाचे पैसे द्यायला गेले तर तिनं माझा हात धरला आणि स्वतःचे स्वतः दिले. ऑफिसचा नियम आहे म्हणाली. मला सापडला होता तो प्रामाणिक साक्षीदार, आणि खरं सांगायचं तर मी थोडी हिरमुसले. मला लबाडी सापडायला हवी होती. लबाडी सापडली की काम सोपं होतं.

दुसऱ्या दिवशी मी गार्डरूमच्या टेबलावर कोऱ्या कागदांचा गठ्ठा ठेवला. नाव लिहायचं नाही. दोन वर्षांपूर्वी काय खर्च होत होता आणि आता काय होतो, एवढंच लिहायचं: भाडं, गाडीभाडं, खाणं, घरी पाठवलेले पैसे, मुलांची शाळा. सगळ्यांनी कुरकुर केली. शॅनिक म्हणाली, "माझा नवरा विचारतो तेवढं पुरे नाही का?" तरी तीन दिवसांत एकवीस कागद जमले. मी ते घरी नेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरले.

आधी मला राग आला, कारण खाण्यापिण्याचं वाढलं होतं जवळजवळ आयोनी ब्रॅकेट म्हणत होती तेवढंच. मग भाड्याचा रकाना बघितला. आमच्यातले चौदा जण बाहेरच्या परगण्यांतले. खात्यानं बदली केली म्हणून आलेले. गावात त्यांना खोली लागते. आणि दोन वर्षांत समुद्राकडच्या खोल्या घरमालकांनी एकेक करून पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली होती. परदेशी जोडपं चार रात्रींत देतं तेवढं पोलीस महिन्याला देऊ शकत नाही. चौदापैकी तेरा जणांचं भाडं दुपटीच्या आसपास गेलं होतं. त्यांचं घर दोन ठिकाणी होतं आणि महागाई त्यांना दोन्हीकडून लागत होती. सात टक्के त्यांच्या खोलीच्या दारापर्यंतही पोहोचत नव्हते.

चौदाव्या कागदावर भाड्यापुढे शून्य होतं.

घरी पाठवलेले पैसे: पगाराच्या दोन तृतीयांश. भाडं: शून्य. मी तो कागद उजेडात धरला. त्यातल्या साताला मधोमध आडवी रेघ होती. आमच्या डायरीत सात असा लिहिणारा एकच माणूस आहे. पण ग्लेनमोर तर मावशीकडे राहतो असं सांगायचा, आणि तिला महिन्याला काही देतो असंही. मग शून्य कसं?

कागदावर नाव लिहायचं नाही असं मीच सांगितलं होतं. तो कागद बाकीच्यांत सरकवून मी झोपायला हवं होतं. पण मला राहवलं नाही, आणि याचा मला अभिमान नाही.

सोमवारी मी ड्यूटीच्या तासभर आधी, सहाला पोहोचले. स्टेशनच्या मागच्या अंगणात, आंब्याखाली, जप्त केलेली एक पांढरी मिनीबस तीन वर्षं उभी होती. तिचा खटला कोर्टात पडून होता. काचेवर पुराव्याची चिठ्ठी, टायर बसलेले. आम्ही रोज तिच्यावरून नजर फिरवायचो आणि कुणी बघत नव्हतं. त्या सकाळी मला दिसलं की तिच्या पायरीवर बुटांचा जोड आहे. आरशासारखा चमकणारा.

दार सरकलं. ग्लेनमोर दाढी करून, बनियनवर, गळ्यात टॉवेल घालून उभा होता.

"कॉर्पी," तो म्हणाला. कॉर्पोरलला आमच्याकडे सगळे तसंच म्हणतात.

"ग्लेनमोर."

"पुदिन्याचा चहा ठेवलाय," तो म्हणाला. " ये."

आत मी वाकून गेले. धरायच्या दांडीला तीन गणवेश टांगलेले, प्रत्येकावर प्लॅस्टिक. खिडकीला दोन मुलांचे शाळेतले फोटो चिकटवलेले. ड्रायव्हरच्या आसनापाशी छोटी शेगडी. सगळी आसनं जागेवर होती.

"आसनं काढली असतीस तर पाय तरी पसरता आले असते," मी म्हणाले.

"आसनं पुराव्यात आहेत."

"किती दिवस झाले?"

"चौदा महिने. घरमालकिणीनं खोली पाहुण्यांना दिली. मला वाटलं, आठवडाभरात दुसरी मिळेल."

"सार्जना ठाऊक आहे?"

त्यानं चहा गाळला. "पुराव्याचं रजिस्टर सार्जकडे असतं," एवढंच बोलला.

मी चहाचा मग हातात घेऊन मागच्या आसनाच्या कडेला टेकले. तो सहा फूट, आसन साडेचार फूट. "मला एक कळत नाही," मी म्हणाले. "थकबाकीची सगळ्यात जास्त गरज तुला. मग नाही का म्हणतोस?"

"कर कापून माझ्या हातात महिन्याला नऊ हजार वाढतील. खोली पन्नास हजारांना आहे. थकबाकी चार महिन्यांत भाड्यात जाईल. पाचव्या महिन्यात मी परत इथंच, पण तोवर सही झालेली असेल. एकदा सही झाली की तीन वर्षं कुणी विचारणार नाही, फॉकनर, कुठे झोपतोस. आत्ता निदान तू येऊन विचारलंस."

कुणाला सांगू नको असं तो म्हणाला नाही. पण मी बाहेर पडताना त्यानं बूट आत घेतले.

मी सरळ सार्जंट व्हायलींकडे गेले. ते नुकतेच आले होते, टोपी काढत होते. "सार्ज, मिनीबसबद्दल रजिस्टरमध्ये काय लिहिता?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे. "बस जागेवर. आसनं शाबूत. कुलूप चालू."

"कुलूप आतून लागतं."

"आतून लागतं तेही चालूच म्हणायचं." ते खुर्चीत बसले. आवाज खाली आला. "दर महिन्याला सही करतो मी त्याखाली. तुम्हाला सगळ्यांना वाटतं म्हातारा पेन्शनसाठी करार करा म्हणतोय. पेन्शन मला हवीच आहे, लपवत नाही. पण ख्रिसमसच्या आत त्याच्या हातात दोन महिन्यांची अनामत आली तर तो तिथून बाहेर पडेल. पुढचं पुढे बघू. ऑगस्टातल्या वादळात मी घरी पलंगावर बसून होतो, डॅक्रेस, आणि बसच्या टपावर आंब्याची फांदी पडली तर काय, एवढाच विचार करत होतो. अजून एक वर्ष मला ते जमणार नाही."

म्हणजे सार्जंट ज्याच्यासाठी हो म्हणत होते, तोच माणूस नाही म्हणत होता. मी दोघांपैकी कुणाला चूक म्हणावं ते मला त्या दिवशी समजेना.

गुरुवारी दुपारी सगळे जमले. मी कागदांवरचं सांगितलं: खाण्याचं देशाइतकंच वाढलंय, पण बाहेरून आलेल्यांचं भाडं दुप्पट झालंय. सार्जंटनी आपली बाजू मांडली. शॅनिकनं कागद चाळले आणि एक उचलला.

"अरे, हा कोण नशीबवान? भाडं शून्य. सासऱ्यानं घर बांधून दिलंय वाटतं."

"तो माझा आहे," ग्लेनमोर म्हणाला.

तो उभा राहिला. गणवेशाला एक सुरकुती नव्हती. त्यानं तीन-चार वाक्यांत सांगितलं, बस कुठली, किती महिने. आवाज रोजच्यासारखा, कोर्टात साक्ष देताना असतो तसा. सांगून खाली बसला. शॅनिकनं कागद हळूच टेबलावर ठेवला.

मग ती म्हणाली, "आंघोळ कुठे करतोस?"

"कोठडीच्या मागच्या नळावर. पाचला."

"आणि रविवारी मी तुला चर्चला जाताना बघते तो पांढरा सूट?"

"ड्रायव्हरच्या आसनामागे असतो."

"मी तुला चिक्कू म्हणायचे."

"ऐकलंय."

हात वर करून मतं घेतली. अकरा नाही, दहा हो. सार्जंटनी हो म्हणून हात वर केला तेव्हा ग्लेनमोरकडे बघितलं, आणि ग्लेनमोरनं मान हलवली, राग नाही अशा अर्थानं. मला सांगितलं गेलं: नाही म्हण, आणि बदलीवर आलेल्यांसाठी राहण्याचा भत्ता माग.

किंग्स्टनच्या सभागृहात एकशेपंधरा प्रतिनिधी होते आणि घामाचा वास होता. बोलायला प्रत्येकी तीन मिनिटं. मी आमचे आकडे वाचले. अध्यक्षस्थानी एक उंच इन्स्पेक्टर होते, त्यांनी चष्म्यावरून बघितलं.

"हे आकडे कुठून आणले, कॉर्पोरल?"

"विचारून."

काही जण हसले. मी नावगाव न सांगता शून्याबद्दल सांगितलं. हसू थांबलं. मग मागच्या रांगेतला एक जाडजूड कॉर्पोरल उठला आणि म्हणाला, आमच्याकडे दोघे जण रिकाम्या कोठडीत झोपतात, कैदी आला की उठतात. आणखी एक जण म्हणाला, आमचा एक चर्चच्या वाद्यांच्या खोलीत. तिसरा उठला, मग चौथा. आपल्याच स्टेशनात असं आहे, असं प्रत्येकाला वाटत होतं. अध्यक्षांनी पेन उचललं आणि लिहायला लागले. अर्धा तास सभेत करार बाजूलाच पडला आणि लोक एकमेकांना विचारत राहिले: तुमच्याकडे? तुमच्याकडे कुठे?

पण मतं शेवटी करारावरच घ्यायची होती. प्रस्ताव जसा आहे तसा, हो किंवा नाही. ख्रिसमस सहा आठवड्यांवर होता. त्रेसष्ट हो, बावन्न नाही. आम्ही हरलो.

मी बाहेर येऊन स्टेशनला फोन लावला. ग्लेनमोरनंच उचलला.

"पास झाला," मी म्हणाले.

"किती फरक?"

"अकरा."

"म्हणजे सहा माणसं इकडची तिकडे गेली असती तर... बरं. येताना सांभाळून ये, रस्त्यावर पाणी आहे."

थकबाकी डिसेंबरच्या वीस तारखेला आली. राहण्याच्या भत्त्याची मागणी संघटनेनं वेगळी पुढे नेली, माझे एकवीस कागदही त्यांनी मागून घेतले. आठ महिने बोलणी चालली. मिळालं ते मागितल्याच्या निम्मं. सार्जंट व्हायली म्हणाले की मी म्हटलं होतं ना, आधी घ्या, मग मागा. शॅनिक म्हणाली की सगळ्यांनी नाही म्हटलं असतं तर पूर्ण मिळालं असतं. तो वाद अजून चालू आहे आणि दोघांकडेही पुरावा नाही.

ग्लेनमोरला खोली शॅनिकनं शोधून दिली. समुद्राकडे नाही, वर टेकडीवर, एका निवृत्त शिक्षिकेच्या घरात. तिथून समुद्र दिसत नाही म्हणून पाहुणे येत नाहीत, आणि भाडं तीस हजार; अनामत त्यानं थकबाकीतून भरली. भत्त्याची बोलणी अजून चालू होती तेव्हा, ईस्टरला, त्याची बायको आर्लीन मुलांना घेऊन तीन गाड्या बदलून आली. मला जेवायला बोलावलं होतं. तिनं नारळाच्या दुधात मासळी शिजवली होती, सोबत उकडलेली हिरवी केळी. मुलं अंगणात शिक्षिकेच्या कोंबड्यांमागे पळत होती.

"वर्षाहून जास्त हा मला फोनवर मावशीची तब्येत सांगायचा," आर्लीन वाढता वाढता म्हणाली. "मावशीचे गुडघे दुखतात. मावशी आता बरी आहे. मी तिच्यासाठी मलम पाठवलं होतं."

"ते मी लावलं," ग्लेनमोर म्हणाला. "गुडघे दुखतच होते."

ती हसली नाही, पण त्याच्या ताटात आणखी एक तुकडा टाकला. मग माझ्याकडे वळली. "तुझं मत 'नाही' असं होतं ना?"

"हो. नाही."

"आणि सगळ्यांनी तुझ्यासारखं मत दिलं असतं, तर आज आम्ही या खोलीत बसलो असतो का?"

मी खरोखर विचार केला. तिला ते खरंच जाणून घ्यायचं होतं, टोमणा नव्हता.

"माहीत नाही," मी म्हणाले. "आज तरी नसतो. पुढच्या वर्षी कदाचित मोठ्या खोलीत."

"कदाचित," आर्लीन म्हणाली, आणि मुलांना हात धुवायला हाक मारली.